शरदाचा अखेरचा सोमवार

ऋतूंचे भाषांतर करणे हे भाषांतरकाराच्या वाट्याला येणाऱ्या कामांतील बहुधा सर्वांत फसवे काम असावे. नद्यांची आणि डोंगरांची नावे जशीच्या तशी ठेवता येतात. परक्या पदार्थांची नावे चार शब्दांचे वर्णन जोडून वाचकाच्या ताटात वाढता येतात. परंतु ऋतूचे तसे नाही. ऋतूच्या नावामागे आकाशाचा रंग असतो, शेतातील कामे असतात, घरातील सणवार असतात आणि त्या साऱ्यांच्या आठवणी असतात. एका भाषेतील ऋतू उचलून दुसरीत ठेवला, की नाव तेवढे पोहोचते; सामान मात्र मागेच राहते.

आमच्या मासिकाच्या मराठी आवृत्तीचे काम मी गेली काही वर्षे बंगळूर येथे राहून करीत आहे. २०२४ च्या दिवाळीपूर्वी जपानमधील एका लहानशा खेड्याच्या शरद ऋतूवरील सचित्र लेख माझ्या टेबलावर आला. चित्रे मोठी मनोहर होती. लाल आणि केशरी झालेल्या मेपलच्या पानांनी एक डोंगर पेटल्यासारखा दिसत होता. कापलेल्या भाताच्या पेंढ्या आडव्या बांबूंवर उलट्या टांगून वाळत घातल्या होत्या. आणि एका चित्रात गावातील माणसे लाकडी देव्हारा खांद्यावर घेऊन चिंचोळ्या रस्त्याने चालली होती. या देव्हाऱ्याला जपानी भाषेत 'मिकोशी' म्हणतात. आपल्याकडील पालखीला ओळख सांगावी, इतके तिचे आणि पालखीचे साम्य आहे.

लेख मराठीत उतरविताना अडचण आली ती पानांची. मूळ ऋतुनामासाठी आपले कोश 'शरद' हा शब्द देतात. परंतु मराठी वाचकाच्या मनातील शरद म्हणजे आश्विन आणि कार्तिक. पाऊस ओसरून निवळलेले पाणी, कोजागरीचे चांदणे, ओंबीवर आलेले भात. त्या दिवसांत आपली झाडे पावसाने न्हाऊन हिरवीगार उभी असतात. पानगळ म्हटली, की आपल्याला आठवतो तो माघ-फाल्गुनातील शिशिर. मग 'शरदात पाने गळू लागली' हे वाक्य मराठी कानाला पटावे कसे? दोन्हीकडील पानगळीचे कारणही निराळे आहे. तिकडे दिवस लहान होतात, थंडी वाढते, पानातील हरितद्रव्य सरते आणि झाकलेले पिवळे-तांबडे रंग वर येतात. मेपलसारख्या झाडांत लाल रंग नव्याने तयारही होतो. आपल्याकडे पाणी जपण्यासाठी झाडे पाने टाकतात. तिकडील झाड थंडीला भिते, आपले तहानेला.

तरीही मी 'शरद' हाच शब्द ठेवला. कारण लेखातील माणसांची कामे मला ओळखीची वाटली. जपानमध्ये पानांच्या रंगाची ही लाट सप्टेंबरात उत्तरेकडील होक्काइदोच्या डोंगरांवर उठते आणि दक्षिणेकडे सरकत डिसेंबरापर्यंत चालते. ती पाहायला माणसे घराबाहेर पडतात, तिला 'मोमिजिगारी', म्हणजे शब्दशः मेपलच्या पानांची शिकार, असे म्हणतात. त्याच ऋतूत पौर्णिमेच्या चंद्राला तांदळाच्या पिठाचे गोळे आणि अळकुड्या ठेवून चंद्रदर्शनाचा सोहळा करतात. २०२५ साली तर हा सोहळा आणि आपली कोजागरी ६ ऑक्टोबर या एकाच दिवशी आली. पाने निराळी असली तरी चंद्र एक आहे आणि सुगीही एक आहे. तेव्हा शब्द तोच असण्यास हरकत नाही, असे मी मनाशी ठरविले.

आता बंगळूरचा शरद. दख्खनच्या पठारावर सुमारे तीन हजार फूट उंचीवर वसलेल्या या शहरात शरदाचे आकाश महाराष्ट्रासारखे निरभ्र नसते. नैर्ऋत्येचा पाऊस परतता परतता ईशान्येचा येऊन मिळतो आणि ऑक्टोबरच्या संध्याकाळी अंधारून येऊन रस्ते भरून वाहतात. मात्र पावसाच्या दोन सरींमध्ये बुचाची पांढरी, लांब दांड्याची फुले पदपथावर पसरलेली असतात. येथे त्यांना 'आकाशमल्लिगे', आकाशातील मोगरा, असे सुंदर नाव आहे. नोव्हेंबर लागला, की टॅबेबुयाची झाडे गुलाबी फुलांनी डवरतात. पानांचा रंग येथे बदलत नाही. रंग येतो तो फुलांना. 

या फुलांमागे एका परदेशी माणसाची दृष्टी आहे, आणि तिचा धागा थोडासा आपल्या मराठी जगातूनही गेला आहे. गुस्ताव क्रुंबीगल हा जर्मन उद्यानतज्ज्ञ १८९३ साली सयाजीराव गायकवाडांच्या सेवेत बडोद्यास आला. तेथून १९०८ साली तो म्हैसूर संस्थानात आला आणि लालबागेचा कारभार पाहू लागला. वर्षाच्या प्रत्येक महिन्यात शहरात कोठे ना कोठे एखादी जात फुललेली असावी, एकीचा बहर संपताना दुसरीचा सुरू व्हावा, अशा रीतीने रस्त्यांवर झाडे लावण्याची कल्पना त्याची. हा माणूस पुढे येथेच राहिला आणि १९५६ साली येथेच वारला. त्या परंपरेने या रस्त्यांवर आलेल्या कितीतरी झाडांची मूळ भूमी सातासमुद्रापलीकडील आहे. टॅबेबुया तर दक्षिण अमेरिकेतील. परंतु आज बंगळूरकराला ती आपली वाटतात, इतकी की एखादे तोडावयाचे म्हटले तर लोक रस्त्यावर येतात.

माझ्या सासूबाईंना मात्र या फुलांनी शरद कळत नव्हता. त्यांचे सारे आयुष्य कराड तालुक्यातील एका खेड्यात गेले. २०२३ साली माझे सासरे वारले. जमीन अडीच एकर; ती भाऊबंदांना वाट्याने लावून, घराला कुलूप घालून त्या आमच्याकडे आल्या. तक्रार करण्याचा त्यांचा स्वभाव नाही. सकाळी त्या नातीची वेणी घालीत, दुपारी दाण्याचे कूट करून ठेवीत, संध्याकाळी चौथ्या मजल्याच्या गॅलरीत उभ्या राहून खालच्या वाहनांकडे पाहत. एकदा मी विचारले, "आई, कंटाळा येतो का?" त्या म्हणाल्या, "कंटाळा कशाचा? पर इथं कुठला म्हैना चाललाय त्येच कळत न्हाई बघ. बारा म्हैने वाटाणा, बारा म्हैने कोबी. पंचांगात बघावं तवा कळतं."

हे उत्तर माझ्या मनात राहिले. आप्तांपासून दूर आल्याचे दुःख आपण समजू शकतो. परंतु महिन्यांपासून दूर आल्याचेही दुःख असते, हे मला त्यांच्यामुळे प्रथम जाणवले. ज्या माणसाने साठ वर्षे पेरणी, कोळपणी, काढणी यांवर काळ मोजला, त्याला भिंतीवरील दिनदर्शिकेने काळ कसा कळावा?

आणि म्हणून त्या वर्षी कार्तिकातील अखेरच्या सोमवारी, २५ नोव्हेंबर २०२४ रोजी, मी त्यांना बसवनगुडीला घेऊन गेले. बंगळूरच्या शरदातील एक जुना सार्वजनिक उत्सव तेथे भरतो. त्याचे नाव 'कडलेकायी परिषे', म्हणजे भुईमुगाच्या शेंगांची जत्रा. कन्नड मुलुखाचा चांद्रमास आपल्यासारखाच अमावास्येला संपतो. त्यामुळे तिकडचा कार्तिक तोच आपला कार्तिक आणि तेथील अखेरचा सोमवार हा आपल्याही शरद ऋतूचा अखेरचा सोमवार.

जत्रेची कथा अशी सांगतात. आज जेथे बसवनगुडी आहे तेथे पूर्वी सुंकेनहळ्ळी हे गाव होते. तेथील आणि आसपासच्या गुट्टहळ्ळी, मावळ्ळी, दासरहळ्ळी या गावांतील शेतकरी भुईमूग पिकवीत. पौर्णिमेच्या रात्री एक बैल येऊन उभे पीक खाऊन जाई. एका शेतकऱ्याने पाळत ठेवून त्याला सोटा हाणला, तेव्हा बैल जागच्या जागी बसून शिळा झाला. शेतकऱ्यांना पश्चात्ताप झाला; हा तर शिवाचा नंदी! तेव्हापासून दरवर्षी नव्या शेंगांचा पहिला वाटा त्याला वाहण्याची प्रथा पडली. १५३७ साली बंगळूर वसविणाऱ्या केंपेगौडांनी हे नंदीचे मंदिर बांधले असे मानतात. टेकडीवरील एकाच शिळेतून घडविलेला हा नंदी सुमारे पंधरा फूट उंच आणि वीस फूट लांब आहे. त्याच्या पायाशी वृषभावती नदीचा उगम मानला जातो. खालच्या अंगाला दोड्ड गणपतीचे देऊळ आहे; शेंगा त्यालाही वाहतात.

आता चिकित्सकाने म्हणावे, की भुईमूग हे मूळचे भारतातील पीकच नव्हे. ते खरेच आहे. ही शेंग दक्षिण अमेरिकेतील. युरोपीय लोक समुद्रमार्गाने जगभर फिरू लागल्यानंतर ती आशियात आली. तमिळ भाषेत तर तिला 'मणिला'चे नाव आजही चिकटलेले आहे. म्हणजे ज्या पिकावरून ही लोककथा रचली गेली, तेच पीक या मातीला पाहुणे म्हणून आले होते. परंतु यामुळे कथेचे मोल उणे होते असे मला वाटत नाही. उलट, बाहेरून आलेल्या दाण्याला शेतकऱ्यांनी इतके आपले मानले, की थेट नंदीच्या तोंडी घातले; यात त्यांच्या मनाचा मोठेपणाच दिसतो.

सुंकेनहळ्ळीची शेते आज शोधून सापडणार नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शहराबाहेर मोकळ्या हवेत नव्या वसाहती आखण्यास सुरुवात झाली होती. १८९८ साली शहरात प्लेग आला आणि त्या कामाला वेग आला. बसवनगुडी आणि मल्लेश्वरम् या त्याच काळातील वसाहती. भुईमुगाच्या रानात सरळ रस्ते, चौक आणि बंगले उभे राहिले. बंगल्यांच्या जागी पुढे सदनिका आल्या. वृषभावतीचे पाणी कोणी ओंजळीत घेण्याजोगे उरले नाही. पिकविणारा गेला, पीक गेले, नदी गेली. तर्काने पाहता जत्राही जावयास हवी होती. परंतु ती वाढतच गेली. आता ती एका सोमवारवर भागत नाही. आदल्या शनिवार-रविवारपासूनच बुल टेंपल रोडच्या दोन्ही बाजूंना गोणपाटांवर शेंगांचे ढीग पडू लागतात. हा माल चिंतामणी, कोलार, मागडी या भागांतून येतो; आंध्र आणि तमिळनाडूतूनही येतो. कच्च्या शेंगा, उकडलेल्या, वाळूत भाजलेल्या. शेजारी चुरमुरे आणि फुटाणे, बत्तासे, बांगड्या, मातीची खेळणी, फुगे आणि पिपाण्या.

आम्ही पोहोचलो तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते. सासूबाई गर्दीला बिचकतील असे मला वाटले होते. पण त्यांची नजर माणसांवर नव्हतीच. ती ढिगांवर होती. फेरीवाला "कडलेकाय, कडलेकाय" असे ओरडत चालला होता. त्या थांबून म्हणाल्या, "काय, काय म्हणून कोणाला इचारतोय त्यो?" माझी आठ वर्षांची मुलगी शाळेत कन्नड शिकते. तिने हसत हसत आजीला समजावून सांगितले, की कन्नडात शेंगेला 'कायी' म्हणतात. तो विचारीत नाही, विकत आहे.

एका ढिगामागे बसलेल्या मध्यमवयीन शेतकरी बाईने आम्हांला हाक मारली, "बन्नी अज्जी, बन्नी." सासूबाईंना हाकेतील पहिला शब्द समजला नाही, दुसरा बरोबर समजला. आजी म्हणून हाक आली म्हटल्यावर त्या सरळ पुढे झाल्या आणि ढिगापाशी उकिडव्या बसल्या. एक शेंग उचलून त्यांनी अंगठ्याने फोडली. दाणे तोंडात न टाकता आधी टरफलाची आतली बाजू पाहिली. ती तपकिरी झालेली होती. मान डोलावून त्या मला म्हणाल्या, "येळेवर उपटलाय वेल. आतनं पांढरं असतं तर कवळा काढला म्हनायचा." मुलीने हे वाक्य आपल्या मोडक्यातोडक्या कन्नडात त्या बाईला सांगितले. बाईने सासूबाईंकडे जरा निरखून पाहिले. गिऱ्हाइकाकडे पाहावे तसे नव्हे, एका कामकरणीने दुसरीकडे पाहावे तसे. मग दोघींचे संभाषण सुरू झाले. एकीची भाषा दुसरीला येत नव्हती आणि दुभाषी आठ वर्षांची होती. तरी पाऊस किती झाला, आऱ्या जमिनीत शिरताना पाणी मिळाले की नाही, शेंगा तोडायला बाया कितीला मिळतात, या साऱ्या गोष्टी बोलून झाल्या.

आऱ्या हा शब्द शहरातील वाचकांना कदाचित परिचित नसेल. भुईमुगाचे पिवळे फूल जमिनीवर उमलते; ते सुकले, की त्याच्या तळातून एक बारीक दोरा निघतो आणि खाली वळून मातीत शिरतो. त्या दोऱ्याला आमच्याकडील शेतकरी आरी म्हणतात. शेंग धरते ती तिच्या टोकाला, मातीच्या आत. फूल वर आणि फळ खाली, अशी ही नवलाची वनस्पती आहे. जपानी भाषेत भुईमुगाला 'राक्कासेइ' म्हणतात. त्या नावाच्या तीन चित्राक्षरांचा अर्थ पडणे, फूल आणि जन्म असा आहे. फूल पडते तेव्हा ही जन्माला येते! तोक्योजवळच्या चिबा प्रांतात जपानमधील बहुतेक भुईमूग पिकतो. तेथील याचिमाता या गावी शरदात शेतांतून उपटलेल्या वेलांच्या गोल रासा रचून ठेवतात, वरून पेंढ्याचे छप्पर घालतात आणि वाऱ्यावर शेंगा हळूहळू वाळू देतात. त्या रासा दुरून टोपी घालून बसलेल्या माणसांसारख्या दिसतात. तेथील शरदाचे दृश्य म्हणजे केवळ लाल पाने नव्हेत. हे भुईमुगाचे ढीगही आहेत.

माप घालण्याची वेळ आली तेव्हा बाईने "ओंदु सेरु" म्हणताच सासूबाईंनी दुभाष्याची वाट पाहिली नाही. "शेर म्हनतीय," त्या म्हणाल्या, "शीग लावून घाल म्हनावं." बाईने माप शिगोशीग भरले आणि वर एक मूठ घातली. त्यातील ओंजळभर शेंगा घेऊन आम्ही दोड्ड गणपतीला आणि मग टेकडी चढून नंदीला गेलो. सासूबाईंनी शेंगा वाहिल्या आणि हात जोडून बराच वेळ उभ्या राहिल्या. खाली उतरताना त्या इतकेच म्हणाल्या, "कार्तिक आला म्हनायचा."

आमच्या घरी एखाद्या जत्रेला गेलो, चार जिन्नस आणले, झोपलो, एवढ्यावर हे संपले असते. परंतु त्याच आठवड्यात गावाहून माझ्या चुलत दिरांचा दूरध्वनी आला. बोलता बोलता त्यांनी सांगितले, की भैरवनाथाच्या चैत्रातील पालखीला खांदेकरी मिळत नाहीत. तरणी पोरे पुण्या-मुंबईला, उरलेली माणसे साठीच्या पुढची. दोन वर्षे पालखी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ठेवून फिरवावी लागली. माझे यजमान "काळच तसा आला आहे" असे काहीसे म्हणाले. मला मात्र जपानच्या त्या लेखातील मिकोशीचे चित्र आठवले. तेथेही हीच चिंता आहे. गावे म्हातारी झाली, मुले शहरांत गेली. अनेक ठिकाणी देव्हारा उचलण्यासाठी बाहेरगावची मुले, विद्यार्थी यांना बोलवावे लागते. इवाते प्रांतातील ओशू येथे कोकुसेकी-जी नावाचे मंदिर आहे. तेथील 'सोमिन-साई' हा हजार वर्षांहून जुना मानला जाणारा हिवाळी उत्सव १७ फेब्रुवारी २०२४ रोजी अखेरचा झाला. कारण दुष्काळ नव्हे, युद्ध नव्हे. उत्सवाचा भार वाहणारी माणसे थकली आणि त्यांच्या मागे कोणी उरले नाही, एवढेच.

या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे मन विचारात पडते. तिकडे डोंगर आहे, शेत आहे, देऊळ आहे, लाल पानांचे सारे वैभव आहे. माणसे नाहीत, म्हणून उत्सव मिटतो. इकडे सुंकेनहळ्ळीत शेताचा एक वाफाही राहिला नाही. परंतु माणसे येतात, म्हणून जत्रा भरते. आणि ही माणसे कोण? कन्नड बोलणारी तर आहेतच; पण तेलुगू आहेत, तमिळ आहेत, हिंदी बोलणारी आहेत, आमच्यासारखी मराठी घरेही आहेत. यांतील फार थोड्यांच्या पूर्वजांनी त्या चार गावांत भुईमूग पेरला असेल. उत्सव हा मातीतून उगवतो हे खरे. पण टिकतो तो येणाऱ्यांच्या पावलांवर.

मराठी माणसाला बंगळूर परके मानण्याचे तसे कारण नाही. १६३८ साली आदिलशाही फौजांनी हे ठाणे घेतले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. त्यांचा अंत १६६४ साली याच कर्नाटकात होदिगेरे येथे झाला. त्यांची समाधी तेथेच आहे. मल्लेश्वरम् येथील काडु मल्लेश्वराच्या देवळाला व्यंकोजीराजांनी दिलेल्या दानाचा १६६९ चा शिलालेख आहे, आणि अलीकडे त्या देवळापाशीही कार्तिकात शेंगांची जत्रा भरू लागली आहे. तथापि, साडेतीनशे वर्षांपूर्वी आपला कोणी येथे राज्य करीत होता, या अभिमानाने आज कोणी येथला होत नाही. जहागिरी येतात आणि जातात. राजाचे नाव येथे राहिले ते त्याने येथल्या देवाला काही वाहिले म्हणून. सासूबाईंनी तरी त्या सोमवारी दुसरे काय केले? त्यांनी ओंजळभर शेंगा वाहिल्या.

दूरध्वनी संपल्यावर घरात थोडा वेळ कोणी बोलले नाही. सासूबाई सूप घेऊन जत्रेतील शेंगा निवडीत होत्या. पोचट एकीकडे, भरल्या एकीकडे. मान वर न करता त्या मुलाला म्हणाल्या, "अरे, मी हितं परकी. मला भाषा येत न्हाई, वाट ठावी न्हाई. तरी हितल्या नंदीला शेंगा घालून आले. त्या नाथाच्या मांडवात तुझं जावळ काढलंय, आनि त्याला खांदा द्यायला ट्रॅक्टर लागतो?"

या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच ते टाळता आले नाही. यजमानांनी त्याच रात्री नोकरीच्या ठिकाणच्या सुट्ट्यांची यादी काढली. त्यांनी पुण्यातील दोघा चुलत भावांना कळविले, त्यांनी आणखी चौघांना. २०२५ च्या चैत्रात आम्ही सारे गावी गेलो. पालखीला आठ-दहा जणांचे खांदे मिळाले; त्यांतील निम्मे संगणकापुढे बसून काम करणारे होते. दर पन्नास पावलांवर खांदा बदलावा लागला, गावातील म्हाताऱ्यांनी यथेच्छ थट्टा केली, आणि परतताना यजमानांच्या खांद्यावर लाल वळ उठलेला होता. पण ट्रॉली त्या वर्षी बाहेर काढावी लागली नाही. माझ्या मुलीने तेथे एका मैत्रिणीला बंगळूरच्या शेंगांच्या जत्रेची हकीकत सांगितली, ती मुलगी म्हणाली, "मग आम्हांला बोलवा की."

एका घराने एका वर्षी खांदा दिला म्हणून गावाचे म्हातारपण हटत नाही, हे मी जाणते. पोटासाठी माणसे शहरात येणारच. त्यांना दोष देणे सोपे आहे आणि निरुपयोगीही. परंतु आपण गाव सोडले म्हणजे दोन ठिकाणची कामे आपल्याकडे येतात, एवढे मला समजले आहे. जेथून आलो तेथल्या पालखीसाठी वर्षातून एकदा खांदा राखून ठेवावयाचा, आणि जेथे आलो तेथल्या जत्रेला पाहुण्यासारखे दुरून न पाहता तिच्या ढिगापाशी जाऊन बसावयाचे. यांतील एक काम केले म्हणजे दुसऱ्यातून सुटका होत नाही. उलट पहिले केले की दुसऱ्याची आठवण होते, हे आमच्या घरात तरी तसेच घडले. आपल्यापैकी कितीतरी कुटुंबे आज परप्रांतात राहतात. आपल्या वसाहतीच्या चार रस्त्यांपलीकडे कोणते जुने देऊळ, कोणता उरूस, कोणती जत्रा आहे, आणि ती कोणत्या महिन्यात भरते, याची चौकशी शेजाऱ्यांपाशी करून पाहावी. शेजारी आनंदाने सांगतील. कारण त्यांनाही येणारी माणसे हवीच असतात.

२०२५ साली कार्तिकातील अखेरचा सोमवार १७ नोव्हेंबरला आला. तो मी सासूबाईंना सांगावयास गेले, तेव्हा त्यांनी पंचांगात त्या तारखेवर आधीच खडूने खूण करून ठेवलेली होती; आणि खालच्या मजल्यावरील दोन कन्नड आणि एका तेलुगू आजीबाईंना, बरोबर कापडी पिशव्या घेऊन पाच वाजता तयार राहण्यास सांगितलेले होते.